भाडं साठ हजार, मर्यादा एकोणसाठ

पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत घ्या, दांडेकर पुलाजवळची वस्ती घ्या, नाहीतर येरवड्यातली एखादी चाळ. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, नळ सामायिक, लाइटबिल वेगळं आणि भाडं महिना पाच हजार. याहून स्वस्त खोली पुण्यात मिळतच नाही असं नाही. पण ती कामापासून लांब मिळते आणि वाचलेले पैसे पीएमपी बसच्या तिकिटात जातात. पाच हजारांप्रमाणे वर्षाचं भाडं झालं साठ हजार. आता राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रातल्या शहरी कुटुंबाला ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून रेशनचं धान्य हवं असेल, तर घराचं वार्षिक उत्पन्न जास्तीत जास्त किती असावं? ५९,००० रुपये. म्हणजे वर्षभर राबून फक्त खोलीचं भाडं निघेल एवढंच कमावणारं कुटुंब हजार रुपयांनी अपात्र ठरतं, आणि या हिशेबात त्याच्या घरी अजून चूल पेटलेली नाही.

हा आकडा फार कमी आहे याबद्दल रेशन दुकानाच्या ओट्यावर कोणाचंच दुमत नसतं. मागणीही ठरलेली असते: मर्यादा वाढवा. ती वाढायला हवीच. पण नुसती मर्यादा वाढवली तर केशरी कार्डवाल्याच्या पिशवीत किलोभरही तांदूळ जास्त पडणार नाही. तो का पडणार नाही हे समजून न घेता केलेली मागणी फक्त रांग लांबवते.

आधी आकड्यांची वंशावळ पाहू. १ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांची कार्डं आली. वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत पिवळं, त्याच्यावर पण एक लाखाच्या आत केशरी, लाखाच्या वर पांढरं. डिसेंबर २००० मध्ये अंत्योदय योजना सुरू झाली. गरिबांतल्याही गरिबांना कार्डामागे आधी २५, पुढे ३५ किलो धान्य. २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला, राज्यानं १७ डिसेंबर २०१३ च्या शासन निर्णयानं केशरी कार्डवाल्यांपैकी कोणाला आत घ्यायचं हे ठरवलं: शहरात ५९,००० पर्यंत, गावात ४४,००० पर्यंत. अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो. पूर्वी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोनं मिळायचा, १ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतो. १५,००० चा आकडा पंचविशी ओलांडून गेला, ५९,००० चा बारा वर्षांचा झाला. २०१३ ते २०२५ या काळात ग्राहक किंमत निर्देशांक साधारण ७० टक्क्यांनी चढला. मर्यादा जागची हललेली नाही.

महागाईपेक्षा जुनी खोट या आकड्याच्या घडणीतच आहे. तो कुटुंबाला लागू होतो, माणसाला नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला ५९,००० म्हणजे महिना ४,९१७ रुपये. चौघांच्या घरात माणशी १,२२९, पाच जणांत ९८३, आणि सासू-सासरे, दीर, तीन पोरं असं आठ जणांचं खटलं असेल तर माणशी ६१५. एकाच मर्यादेत एका माणसाला दुसऱ्याच्या आठपट मुभा. २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं काढलेली महाराष्ट्राची शहरी दारिद्र्यरेषा माणशी महिना १,१२६ रुपये होती. पाच जणांच्या घराला ती वर्षाकाठी ६७,५६० रुपये होते. म्हणजे २०१३ साली ५९,००० हा आकडा कोराकरकरीत होता तेव्हाही, पाच माणसांच्या घरापुरता तो सरकारनंच मान्य केलेल्या दारिद्र्यरेषेच्या खाली होता. आणि ती रेषाही इतकी खाली आखलेली, की देशभर तिच्यावर टीका झाली आणि पुढे रंगराजन समितीनं २०१४ मध्ये ती वर सरकवली.

पुण्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट टोचते. भारतातल्या दारिद्र्यरेषेचा एक गाजलेला हिशेब याच शहरात, गोखले अर्थशास्त्र संस्थेत झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये मांडलेला तो अभ्यास दिवसाला २,२५० उष्मांक हा धागा धरून चालला होता. माणसाला तेवढं अन्न मिळेल असं घर महिन्याला किती खर्च करतं, ते शोधून १९६०-६१ च्या किमतींना गावात माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनी काढली. त्या पद्धतीवर आक्षेप घेता येतात, घेतलेही गेले. पण रेषा ताटावरून काढली होती, माणशी काढली होती, आणि शहरातली महागाई गावापेक्षा दीडपट धरली होती. ५९,००० ला ४४,००० नं भागून पाहा. दीडपटही भरत नाही, जेमतेम सव्वापटीच्या थोडं वर जातं. पुण्यातलं खोलीभाडं आणि मुळशीतल्या गावातलं स्वतःचं घर यांतला फरक तेवढ्यात बसवायचा.

३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्या रात्री तिथल्या कोणाचं भाडं वाढलं नाही की मजुरी वाढली नाही. पण कागदावर गाव आणि शहर यांच्या मर्यादेत पंधरा हजारांचं अंतर आहे, आणि ते अंतर हद्दीच्या दगडावरून ठरतं.

मग ५९,००० हा आकडा आला कुठून? त्यासाठी एक शब्द माहीत हवा, जो रेशनच्या परिमंडळ (विभागीय) कार्यालयात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो: इष्टांक. कायद्यानं देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य द्यायचं ठरवलं. राज्याराज्याची टक्केवारी केंद्रानं ठरवून दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के आले. मिळून सुमारे सात कोटी माणसं. आधार २०११ ची जनगणना. हे सात कोटी जिल्ह्यांत वाटले, जिल्ह्यानं तालुक्यांत आणि परिमंडळांत वाटले. हाच तो इष्टांक. क्रम लक्षात घ्या: आधी किती माणसं घ्यायची ते ठरलं, मग त्या संख्येत मावतील अशी माणसं निवडण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली. भुकेचा हिशेब या क्रमात कुठेच येत नाही. ५९,००० हे चाळणीच्या भोकाचं माप आहे, आणि भोक पिशवीच्या आकाराकडे बघून पाडलेलं आहे.

म्हणून केशरी कार्ड घेऊन, ५२,००० चा उत्पन्नाचा दाखला जोडून एखादी बाई गेली तर तिला मिळणारं उत्तर ‘तुम्ही अपात्र आहात’ हे नसतं. उत्तर असतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ ती पात्र आहे, जागा नाही. जागा कधी होते? कोणी वारलं, कोणी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, कोणाची ई-केवायसी (आधारची पडताळणी) राहिली म्हणून नाव उडालं, कोणी स्वतःहून धान्य सोडलं, की तेवढी नावं आत घेता येतात. एका घरातली आजी गेली की दुसऱ्या घरातल्या बाळाला पाच किलो सुरू होतात, असा हा बेताचा व्यवहार आहे. २०११ नंतर पुणे किती फुगलं हे सांगायला तज्ज्ञ नको, आंबेगाव-धायरी-मांजरीकडे एक चक्कर पुरे. बांधकामावर, धुण्याभांड्याला, सोसायटीच्या गेटवर उभं राहायला लातूर, नांदेड, बीड, परभणीहून आलेली माणसं त्या आकड्यात पुण्याची म्हणून मोजलेलीच नाहीत. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे गावचं कार्ड पुण्यातल्या दुकानात चालतं हे खरं आहे, आणि ही चांगली सोय झाली आहे. पण ती ज्यांचं नाव गावी यादीत आहे त्यांच्यासाठी. नाव कुठेच नसेल तर सोय कसली.

आता मर्यादा दुप्पट करून पाहू. १,१८,००० केली. इष्टांक तोच. पात्र माणसं वाढली, जागा तेवढ्याच. दारावरची पाटी बदलली, आतलं पोतं तेच राहिलं. वर कार्यालयातल्या माणसाच्या हातात निवडीची सत्ता आणखी वाढली, कारण दहा पात्रांतून एक निवडण्यापेक्षा तीस पात्रांतून एक निवडणं अधिक ‘मोलाचं’ असतं. एजंट कुठे उगवतात ते यावरून कळावं.

तरीही मर्यादेचा प्रश्न सोडून देता येत नाही, कारण ती गरिबांकडून रोज एक खोटं बोलवून घेते. हे जरा जवळून पाहू. पाच जणांचं घर धरा: नवरा, बायको, सासू, दोन मुलं. बायको दोन घरी धुणंभांडी करते, प्रत्येकी दोन हजार. एका घरी भांडी आणि फरशी, अडीच हजार. एका घरी पोळीभाजी, साडेतीन हजार. महिन्याचे दहा हजार. वर्षातून महिनाभर गावी जाणं, आजारपण, घरवालीणबाई सुट्टीवर गेल्या म्हणून कापलेले दिवस, हे धरून अकरा महिन्यांचे १,१०,००० हातात येतात. नवरा रंगाच्या कामावर, रोज सातशे. कोरड्या आठ महिन्यांत महिन्याला सरासरी पंधरा दिवस काम, म्हणजे १२० दिवस. पावसाळ्यात बाहेरचं काम बंद, आतलं मिळालं तर महिन्याला सहा दिवस, म्हणजे २४. एकूण १४४ दिवस, १,००,८०० रुपये. घराचं वर्षाचं उत्पन्न २,१०,८००.

मर्यादेच्या साडेतीन पट! कागद म्हणतो हे घर सुखी आहे. माणशी महिना काढा: ३,५१३ रुपये. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या कौटुंबिक खर्च पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पट कमावणारं हे पुणेरी घर देशाच्या शहरी सरासरीच्या निम्म्यावर जगतंय. त्यातून खोलीचं भाडं वजा करा, माणशी २,५१३ उरतात. सिलिंडर, लाइटबिल, सासूच्या बीपीच्या गोळ्या, मुलांच्या वह्या, दोन मोबाइलचे रिचार्ज, बसभाडं आणि मग किराणा. किराण्यात पहिली कात्री डाळीला लागते, दुसरी दुधाला. भात शेवटपर्यंत राहतो. रेशनचं धान्य अशा घराला वीस-पंचवीस किलो मिळालं, तर मध्यम गहू आणि साधा तांदूळ यांच्या बाजारभावानं महिन्याचे सातशे ते नऊशे रुपये सुटतात. कात्री लागलेली डाळ त्याच पैशात परत येते. मोफत तांदळाचं खरं मोल ताटात डाळ येते तेव्हा कळतं. ‘नुसता भात फुकट देऊन कुपोषण जाणार नाही’ म्हणणाऱ्यांनी हा साधा गुणाकार करून पाहावा.

आता हीच बाई कागद गोळा करायला निघते. रेशनसाठी ५९,००० च्या आतला दाखला हवा. सासू विधवा, तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करायचा तर कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत दाखवायला हवं. धाकट्याला आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांत दुर्बल घटकातून घालायचं तर एक लाखाच्या आत. लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांच्या आत, आणि गंमत म्हणजे पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर तिथे उत्पन्नाच्या दाखल्याची गरजच नाही. मायक्रोफायनान्सवाल्याचं उलटं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं घर या कर्जाला चालतं, पण सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. तिथे ५९,००० सांगितले तर महिन्याला अडीच हजारांचाही हप्ता बसत नाही. म्हणून तिथे फॉर्मवर उत्पन्न फुगवून लिहिलं जातं. एकच घर, एकच वर्ष, आणि चार कागदांवर चार उत्पन्नं. यातलं एकही उत्पन्न मोजलेलं नाही. प्रत्येक आकडा मर्यादेकडे बघून लिहिलेला आहे.

बाईला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या उत्पन्नाला पावतीच नाही. पगार रोखीत, कामाचे दिवस अनिश्चित, घरं दर सहा महिन्यांनी बदलणारी. ‘वार्षिक उत्पन्न’ हा शब्दच नोकरदाराच्या आयुष्यातून आलेला आहे. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायचा तर स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल, रहिवासाचा पुरावा लागतो. भाडेकरूकडे भाडेकरार नसतो. घरमालक लाइटबिलाची झेरॉक्स द्यायला कां-कूं करतो, कारण उद्या हक्क सांगतील ही भीती. तलाठी कोणत्या पुराव्यावर अहवाल देणार? तोंडी विचारतो आणि लिहितो. तरी अर्ज एका फेरीत होत नाही, आणि नवऱ्यानं मारलेली प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला दिवस, सातशे रुपये. तीन फेऱ्यांत धान्याची तीन महिन्यांची किंमत गेली.

याहून वाईट अवस्था ज्याच्याकडे पावती आहे त्याची. हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे काम करणारा माणूस, पगार १४,००० , पीएफ-ईएसआय कापून हातात बारा हजार. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) नियमात महिना २१,००० पर्यंतचा कामगार कमी वेतनाचा म्हणून संरक्षणाला पात्र असतो. म्हणजे एक सरकारी खातं त्याला वर्षाला अडीच लाखांपर्यंत गरीब मानतं, दुसरं साठ हजारांना श्रीमंत. त्याची पगारपावती कागदावर आहे म्हणून तो सापडतो. शेजारचा रोखीत धंदा करणारा त्याच्या दुप्पट कमावतो, पण कागद नाही म्हणून सुटतो. नियमानं काम करा, पीएफ भरा, बँकेतून पगार घ्या असं एकीकडे सांगायचं आणि तसं करणाऱ्याचं धान्य पहिल्यांदा कापायचं, ही या मर्यादेची सगळ्यात विचित्र करामत आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या किमान दरानंही एका माणसानं वर्षात १४२ दिवस काम केलं की गावची ४४,००० ची मर्यादा ओलांडली जाते. १९० दिवस केलं की शहराची. म्हणजे घरातल्या एकाच माणसाला अर्धं वर्ष काम मिळालं, तर घर गरीब राहत नाही.

यावर एक नेहमीचा प्रतिवाद आहे आणि तो हलका नाही. मर्यादा सैल केली की सधन लोक आत घुसतात. आजही चारचाकी असलेल्यांकडे पिवळी कार्डं आहेत. खरं आहे. पण ती चारचाकीवाली माणसं कडक मर्यादेतूनच आत आली आहेत. त्यांच्याकडेही दाखला आहे, आणि तो नियमात बसणारा आहे. मर्यादा जितकी अशक्य, तितकं प्रत्येकालाच खोटं लिहावं लागतं. आणि सगळेच खोटं लिहितात तेव्हा लबाड आणि गरजू यांच्या कागदात फरक उरत नाही.

अन्न द्यायला उत्पन्न विचारावंच लागतं का, याचं उत्तर पुण्यानं केव्हाच दिलेलं आहे. हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ १९७४ पासून चालू आहे. तिथे झुणका-भाकर मागणाऱ्याला कोणी दाखला विचारत नाही. २६ जानेवारी २०२० ला राज्यानं शिवभोजन थाळी सुरू केली: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात, दहा रुपयांत. तिथेही उत्पन्नाची अट नाही. ज्याला ती थाळी नको आहे तो रांगेत उभा राहत नाही, इतकी साधी चाळणी. अर्थात तिला मर्यादा आहेत. थाळी दुपारी, केंद्रावर जाऊन खायची. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना ती पोहोचत नाही. दरमहाच्या शिध्याची जागा ती घेऊ शकत नाही. पण ‘अट नसेल तर लुटालूट होईल’ ही भीती किती खरी आहे, हे तपासायला ती पुरेशी आहे.

शिध्यासाठी मग काय करावं? पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न उलटा विचारावा. कोण गरीब आहे हे सिद्ध करायला लावण्यापेक्षा कोण नाही हे सरकारनं आपल्या नोंदींवरून काढावं. आयकर भरणारा, कायम सरकारी नोकर, स्वतःच्या वापरासाठी चारचाकी असलेला, ठरावीक क्षेत्रफळावरच्या सदनिकेचा मालक. ही माहिती पॅन, आरटीओ आणि महापालिकेच्या मिळकतकर खात्यात आधीच आहे. अर्जदाराला तहसीलच्या पायऱ्या चढायला लावायची गरज नाही. छत्तीसगडनं २०१२ च्या आपल्या कायद्यात सर्वसाधारण याच दिशेनं विचार केला, आणि तमिळनाडूनं तर रेशनचं दार सगळ्यांनाच उघडं ठेवलं. या पद्धतीत काय बिघडतं तेही माहीत आहे. टुरिस्ट परवान्याची गाडी हप्त्यावर चालवणारा ड्रायव्हर ‘चारचाकीवाला’ म्हणून कापला जातो. नावसाधर्म्यानं दुसऱ्याचा फ्लॅट नावावर येतो. म्हणून नाव कापण्याआधी लेखी नोटीस, उत्तर द्यायला महिनाभराचा अवधी, आणि निकाल लागेपर्यंत धान्य चालू, या तीन अटी नियमातच हव्यात. आज नेमकं उलट होतं. दुकानात मशीनवर अंगठा लावल्यावर कळतं की नाव नाही. तेही अंगठा उमटला तर. भांडी घासून रेषा गेलेल्या बोटांना ई-पॉस मशीन ओळखत नाही ही तक्रार कोणत्याही रेशन दुकानात ऐकायला मिळेल.

उत्पन्नाची रेषा ठेवायचीच असेल तर ती माणशी असावी आणि दरवर्षी आपोआप हलणारी असावी. शासन निर्णयाची वाट बघणारा आकडा बारा वर्षं वाट बघत बसतो, हे आपण पाहिलंच. खर्च पाहणीतल्या शहरी सरासरीच्या निम्मा खर्च ही रेषा धरली तर माणशी ३,४९८ रुपये येतात. वर ज्या घराचा हिशेब केला ते माणशी ३,५१३ वर होतं. म्हणजे या उदार रेषेलाही ते घर पंधरा रुपयांनी चुकलं. कुठेही रेषा आखा, तिच्या लगेच वर कोणीतरी उभं असणारच, आणि पंधरा रुपयांसाठी त्याचं वर्षाचं दहा हजारांचं धान्य जाणार. कड्यावरून पडण्याऐवजी उतार हवा.

असा उतार महाराष्ट्रानं एकदा केलेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत, मे आणि जून महिन्यांत, अन्नसुरक्षेच्या यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांना माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिला. कार्ड केशरी आहे एवढंच पाहिलं. त्याआधी २०१५ पासून मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत यादीबाहेरच्या केशरी शेतकऱ्यांना सवलतीचं धान्य मिळू लागलं होतं, २०२३ पासून त्याऐवजी रोख रक्कम मिळते. तेव्हा यंत्रणा नाही, दुकानदारांना जमणार नाही, हिशेब ठेवता येत नाही या सबबी चालणार नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांना वर्षभर आठ-बारा रुपयांचं धान्य द्यायचं तर त्याचा फरक राज्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागेल, केंद्राच्या इष्टांकात तो बसणार नाही. खर्च मोठा आहे. पण २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांचा ‘आनंदाचा शिधा’ देताना राज्यानं स्वतःच्या खिशात हात घातला होताच. प्रत्येकी एक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. सणाचा आनंद सणापुरता. बारा महिन्यांच्या डाळभाताला तसाच थोडा पैसा वळवायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही. बातमी छोटी येईल, एवढंच.

इष्टांकाचं काय? तो वाढवणं केंद्राच्या हातात आहे आणि कायद्यानं तो जनगणनेला बांधला आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आकडे येऊन, टक्केवारी ठरून, जिल्ह्यांत वाटप होऊन ते परिमंडळापर्यंत यायला त्यापुढेही वेळ लागेल. तोवर निदान असलेला इष्टांक उघड्यावर आणावा. प्रत्येक परिमंडळ कार्यालयाच्या आणि दुकानाच्या दारावर दर महिन्याला चार आकडे लावावेत: मंजूर इष्टांक, सध्याची माणसं, या महिन्यात कमी झालेली नावं, आत घेतलेली नावं. आणि खाली प्रतीक्षा यादी, अर्जाच्या तारखेप्रमाणे. याला नवा कायदा लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही. ऑनलाइन कार्डांची सगळी मोजणी त्याच यंत्रणेत आधीपासून पडलेली आहे.

आज अडकलेल्या माणसानं काय करावं, तेही सांगायला हवं. केशरी कार्ड असूनही धान्य मिळत नसेल तर आधी कार्डाला बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का ते दुकानदाराकडून पाहून घ्यावं. नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. क्रमांक असेल तर कार्ड कोणत्या गटात दिसतं ते विचारावं: पीएचएच म्हणजे प्राधान्य, एनपीएच म्हणजे बाहेर. कार्डावर कधीकाळी मारलेल्या शिक्क्यावर विसंबू नये, मशीन शिक्का वाचत नाही. घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का ते बघावं, लहान मुलांसकट. मग प्राधान्य गटात घेण्याचा अर्ज परिमंडळात द्यावा, तोंडी विचारून परत येऊ नये. नाकारलं तर कारण लेखी मागावं. ते मिळत नसेल तर १९६७ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. प्रत्येक अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसकट, जपून ठेवावी. पोच मिळते. प्रतीक्षा यादीत आपण कितवे, हा आकडा मात्र त्या पोचेवर नसतो.